आधी व्होल्ट मोजा, मग कोड उघडा

शाळेच्या रोबोटिक्स संघांना शिकवणाऱ्या शिक्षकांची, पालकांची आणि खुद्द मुलांची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रं लांबलचक होती, त्यातला प्रश्नापुरता भागच इथे दिला आहे.

प्रश्न : आमच्या शाळेच्या अटल टिंकरिंग लॅबमध्ये नववीच्या मुलांनी लाइन फॉलोअर, म्हणजे काळ्या रेघेवरून चालणारा रोबोट, केलाय. आर्डुइनो ऊनो (प्रोग्राम चालवणारा छोटा बोर्ड), एल-298 मोटर ड्रायव्हर (बोर्डाच्या इशाऱ्यावर मोटरींना वीज देणारी चिप), दोन पिवळ्या बीओ (छोट्या, बॅटरीवर चालणाऱ्या) मोटरी आणि 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी. हातात उचलून धरला की चाकं झकास फिरतात. जमिनीवर ठेवला की धक्के खात चालतो, मधेच थांबतो आणि पहिल्यापासून सुरू होतो. मुलं रोज कोड बदलतायत. चूक शोधायची तरी कुठे?
– विज्ञान शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : बाई, चार दिवस कोडला हात लावू देऊ नका. तुम्ही लिहिलेली लक्षणं बॅटरीची आहेत.

ती चौकोनी बॅटरी मल्टिमीटरसारख्या, अगदी थोडा करंट लागणाऱ्या उपकरणांसाठी असते. बीओ मोटर मोकळी फिरताना दीडशे-दोनशे मिलिअँपिअर घेते. पण जमिनीवर सुरू होण्याच्या क्षणी किंवा चाक अडकल्यावर तीच मोटर एका अँपिअरच्या आसपास जाते. दोन मोटरी एकदम सुटल्या की मागणी दोन अँपिअरच्या घरात पोचते. चौकोनी बॅटरीचा आतला रोध इतका असतो की तेवढा करंट ओढला की तिचा व्होल्टेज धाडकन खाली येतो. दुकानात स्वस्तात मिळणारी झिंक-कार्बनची असेल तर विचारूच नका. व्होल्टेज पडला की ऊनो रिसेट होतो, म्हणून रोबोट पहिल्यापासून सुरू होतो. कोड बिचारा बरोबर असतो.

हे मुलांना सांगू नका, त्यांना मोजायला लावा. मल्टिमीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या टोकांवर तीन आकडे घ्यायचे : मोटरी बंद असताना, चाकं हवेत फिरताना, आणि दोन्ही चाकं हाताने एक सेकंद धरून. तिसऱ्या आकड्याला मुलांचे डोळे मोठे होतात. चांगल्या पॅकचा व्होल्टेज चाकं धरल्यावर साधारण अर्धा व्होल्ट उतरतो. दीड-दोन व्होल्ट उतरला तर पॅक बदला. मग हेच मोजमाप ड्रायव्हरच्या पॉवरच्या स्क्रूंवर करा. बॅटरीवर 7.8 आणि ड्रायव्हरवर 7.0 दिसत असतील, तर मधला 0.8 व्होल्ट वायर, स्विच किंवा सेल होल्डरची स्प्रिंग खातेय. बॅटरीपासून ड्रायव्हरपर्यंत जंपर वायर अजिबात नको. तिथे जाड वायर सोल्डर करा.

आता ड्रायव्हर. एल-298 जुन्या पद्धतीची चिप आहे. एक अँपिअरला ती स्वतःच दोन व्होल्टच्या आसपास गिळते आणि त्याची उष्णता करते. काळी पट्टी तापते ती म्हणूनच. दोन लिथियम सेलच्या 7.4 व्होल्टच्या पॅकमधून मोटरपर्यंत साडेपाचच्या आतबाहेर पोचतात. बीओ मोटरला ते पुरतात, पण पॅक उतरत गेला की रोबोट मंद होतो. नवीन घ्यायचा असेल तर टीबी-6612 घ्या : प्रत्येक बाजूला 1.2 अँपिअर सतत, 3.2 क्षणभर, आणि तोटा फार थोडा. त्याची एसटीबीवाय (स्टँडबाय) पिन 5 व्होल्टला जोडायची राहिली तर मोटर जागची हलत नाही. पहिल्या दिवशी हा घोळ बहुतेक संघ घालतात.

पॅक कोणता? सहावी-सातवीच्या मुलांसाठी रिचार्जेबल पेन्सिल सेल, सहा एका ओळीत, म्हणजे 7.2 व्होल्ट. नववी-दहावीला 18650 आकाराचे दोन लिथियम सेल चालतील, पण अटी घालून. दोन्ही सेल एकाच कंपनीचे, एकाच वेळी घेतलेले, संरक्षक सर्किटवाले असावेत. भरलेला सेल 4.2 व्होल्ट दाखवतो आणि 3 च्या खाली कधीही नेऊ नये. पॅक 7.0 वर आला की रोबोटवरून काढायचा. चार्जिंग मोठ्यांच्या देखत, लिथियमच्याच चार्जरवर, रात्रभर नाही. वेष्टन फाटलेला सेल वापरायचा नाही आणि सुटा सेल किल्ल्यांबरोबर खिशात टाकायचा नाही. वेष्टनावर 9800 मिलिअँपिअर-अवर छापलेला सेल दिसला तर तो खोटा समजा. या आकारात साडेतीन हजारांच्या आसपास मर्यादा संपते. खरा सेल पंचेचाळीस ग्रॅमच्या पुढेमागे भरतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहा, बनावट बरेचदा हलका निघतो.

एक राहिलंच. ऊनोला वेगळी बॅटरी आणि मोटरींना वेगळी दिली असेल तर दोघांचे उणे टोक एकमेकांना जोडलेच पाहिजेत. नाहीतर ड्रायव्हरला ऊनोचा इशारा कळत नाही आणि मोटर भूत लागल्यासारखी वागते.

प्रश्न : मी निवृत्त अभियंता. नातीच्या शाळेच्या संघाला लेगो लीग या मुलांच्या रोबोट स्पर्धेसाठी मदत करतो. स्पर्धा दोन आठवड्यांवर आलीय. मुलं अडली की मीच पाच मिनिटांत दुरुस्त करून देतो, नाहीतर काही पुरं होणार नाही. हे चुकतंय का?
– पुणे

उत्तर : चुकतंय, आणि ते परीक्षकांना दिसेल. 1989 साली डीन केमन यांनी सुरू केलेल्या फर्स्ट संस्थेच्या या लीगमध्ये रोबोट, प्रोग्राम आणि प्रकल्प हे मुलांचं काम असावं, असा दंडकच आहे. परीक्षणाच्या खोलीत बोलतात मुलं. ‘हा हात असाच का केला? आधी काय करून पाहिलं?’ असं विचारल्यावर आजोबांनी लावलेल्या गिअरबद्दल नातीला काय सांगता येणार?

हात मागे ठेवायचे म्हणजे गप्प बसायचं असं नाही. मूल अडलं की तीन प्रश्न ठरलेले ठेवा : काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि तू काय मोजलंस? तिसऱ्याचं उत्तर ‘काही नाही’ असेल तर मोजपट्टी, घड्याळ किंवा मल्टिमीटर हातात द्या आणि बाजूला व्हा. पंधरा मिनिटांत काहीच हललं नाही तर एक इशारा द्या, उत्तर नाही. ‘मागचं चाक बघ’ इतकाच. वीजजोडणी, लिथियम सेल, ड्रिल आणि कटर मात्र अपवाद. तिथे विचारत बसायचं नाही, सरळ हात घालायचा.

एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत. वहीतली ओळ अशी दिसावी (मिशन म्हणजे रोबोटने करायचं एकेक काम) : ‘मिशन 3, वेग 50 वरून 40, दहा फेऱ्यांत सात यशस्वी, चार्जिंग 90 टक्के.’ ‘आज रोबोट चांगला चालला’ ही नोंद नव्हे. प्रत्येक चालू प्रोग्रामची तारीख घालून वेगळी प्रत ठेवायची. स्पर्धेच्या आदल्या रात्री ‘कालचं बरोबर होतं, पण ते पुसलं’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक संघात ऐकू येतं.

उरलेल्या दोन आठवड्यांचं सांगायचं तर पहिल्या आठवड्यात सांगाडा गोठवा. त्यानंतर एकही नवा बीम लावायचा नाही. शेवटचे तीन दिवस प्रोग्राममध्ये फक्त आकडे बदलायचे, कोडचे नवे ठोकळे नाहीत. आदल्या दिवशी चार्जिंग, सुटे भाग आणि डबा भरणं. दहापैकी आठपेक्षा कमी वेळा जमणारं मिशन सोडून द्या. मुलांना वाईट वाटेल, पण अडीच मिनिटांच्या फेरीत भरवशाची चार मिशनं चुकतमाकत होणाऱ्या सातांपेक्षा जास्त गुण देतात.

प्रश्न : मी दहावीत आहे. आमचा पाच सेन्सरचा लाइन फॉलोअर वर्गात एकदम सरळ जातो. तालुक्याच्या स्पर्धेत फ्लेक्सवर छापलेला ट्रॅक होता, तिथे दुसऱ्याच वळणावर बाहेर गेला. केपी-केडीचे (रेघेवर किती वळायचं ते ठरवणारे) आकडे तर तेच होते.
– नाशिक जिल्हा

उत्तर : आकडे तेच होते, पण जमीन, उजेड आणि बॅटरी तीनही वेगळी होती.

आधी उजेड. तुझे सेन्सर इन्फ्रारेड प्रकाश सोडून परत आलेला मोजतात, आणि उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतो. मंडपात किंवा खिडकीशेजारी काळी रेघसुद्धा पांढरी भासते. काळ्या फोमशीटचा घागरा सेन्सरपट्टीभोवती जमिनीला टेकेल-न टेकेल असा लाव. टीसीआरटी-5000 हा सेन्सर अडीच मिलिमीटरवर सर्वांत तीक्ष्ण असतो. पण फ्लेक्सला घड्या असतात, म्हणून चार मिलिमीटर ठेव, नाहीतर पट्टीच घडीत अडकेल. फ्लेक्स चकाकतोही, आणि काही काळ्या शाया इन्फ्रारेडला तितक्या काळ्या नसतात. इन्सुलेशन टेपवर घेतलेला उंबरठा, म्हणजे काळं की पांढरं ते ठरवणारा आकडा, तिथे चालत नाही.

म्हणून उंबरठा कोडमध्ये लिहून ठेवू नकोस. चालू करताच पहिले चार सेकंद रोबोटला रेघेवर डावी-उजवीकडे झुलव आणि प्रत्येक सेन्सरचा लहानात लहान आणि मोठ्यात मोठा आकडा साठव. दोन्हींच्या मधला तो त्या सेन्सरचा उंबरठा. पाचांचे पाच वेगळे येतील, ते तसेच असतात.

आता केपी-केडी. रोबोट रेघेपासून किती सरकला त्यानुसार केपी वळवतो, ती चूक किती झपाट्याने बदलतेय त्यानुसार केडी आवरतो, आणि केआय साठत गेलेल्या चुकीनुसार वळवतो. सेन्सरना उणे 4, उणे 2, 0, 2, 4 अशी वजनं दे आणि काळं दिसणाऱ्यांची सरासरी ही चूक धर. मूळ वेग 255 पैकी 110 ठेव. केआय शून्य. शाळेच्या ट्रॅकवर त्याची गरज पडत नाही, उलट वळणावर तोच बाहेर फेकतो. केडीही शून्य ठेवून केपी 10 पासून वाढवत ने. रोबोट रेघेवर सापासारखा वळवळायला लागला की थांब आणि तो आकडा एक तृतीयांशाने कमी कर. मग केडी केपीच्या पाचपट घे आणि वळवळ थांबेपर्यंत वाढव. चाकं थरथरू लागली तर केडी जास्त झाला. हे जमल्यावरच वेग 10-10 ने वाढवायचा. पाचही सेन्सरना पांढरं दिसलं तर चूक शून्य धरू नकोस, शेवटची चूक लक्षात ठेवून त्याच बाजूला वळव. दुसऱ्या वळणावर बाहेर जाणारे बरेच रोबोट याच एका ओळीअभावी जातात.

लूपमध्ये (पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या कोडमध्ये) सिरिअल प्रिंट, म्हणजे संगणकाला आकडे पाठवणारी ओळ, ठेवलीय का ते बघ. 9600 बॉडच्या वेगाने एक अक्षर पाठवायला जवळपास एक मिलिसेकंद लागतो. वीस अक्षरांची ओळ म्हणजे प्रत्येक फेरीत वीस मिलिसेकंद रोबोट आंधळा. स्पर्धेला जाताना त्या ओळी बंद कर. त्याने केडीचा परिणामही बदलेल, म्हणून आकडे प्रिंट बंद करूनच बसव.

आणि बॅटरी. 8.3 व्होल्टवर बसवलेला केपी 7.3 वर वेगळा वागतो, कारण 110 हा आकडा तोच असला तरी मोटरला कमी मिळतं. वहीत केपीशेजारी व्होल्ट लिहायचे आणि स्पर्धेत साधारण तेवढ्याच व्होल्टवर रोबोट उतरवायचा.

प्रश्न : आमच्या रोबोटला वस्तू उचलायला सर्वो (ठरलेल्या कोनात फिरणारी छोटी मोटर) लावला. तेव्हापासून डावी मोटर वेग ऐकत नाही, आणि सर्वो हलला की सगळंच बंद पडतं.
– माध्यमिक शाळेतले तंत्रशिक्षक, कुडाळ

उत्तर : सर, हे दोन वेगळे दोष आहेत, आणि एकाच वेळी आल्यामुळे मुलं गोंधळली असणार. ऊनोवर सर्वोची लायब्ररी वापरली की 9 आणि 10 या पिनांवरचं पीडब्ल्यूएम, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा इशारा, बंद पडतं, मग सर्वो कुठल्याही पिनेला असो. डाव्या मोटरच्या वेगाची वायर 9 किंवा 10 वर असेल, ती 5 किंवा 6 वर हलवा. हा दोष पूर्णपणे तेवढाच.

दुसरा पुन्हा पॉवरचा. छोटा निळा सर्वो अडला की पाऊण अँपिअरच्या जवळ जातो आणि ऊनोची 5 व्होल्टची पिन ते झेपवू शकत नाही. सर्वोला वेगळा 5 व्होल्टचा रेग्युलेटर द्या, उणे टोक सामाईक ठेवा आणि सर्वोच्या जवळ 470 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. कपॅसिटरची पट्टीवाली बाजू उणेला. उलटा लावला तर फुगून फुटतो.

प्रश्न : आमच्याकडे लॅब नाही, अनुदान नाही. बारा मुलं आहेत, पालकसंघ थोडे पैसे देतोय. काय घेऊ?
– मडगाव

उत्तर : बारा मुलांना तीन रोबोट. एका रोबोटवर चारपेक्षा जास्त मुलं असली की उरलेली बघ्यांची भूमिका घेतात. तयार, झगमगीत किट घेऊ नका. त्यातला एक भाग तुटला की अख्खं किट कपाटात जातं. सुटे भाग घ्या : तीन ऊनो आणि एक जादा, तीन ड्रायव्हर आणि एक जादा, पण मोटरी सहा लागत असतील तर बारा घ्या. बीओ मोटरची तांब्याची पातळ पट्टी वायर ओढली की तुटते. म्हणून सोल्डर केल्यावर वायर मोटरच्या अंगाला केबल टायने बांधून टाका. प्रत्येक मोटरच्या दोन टोकांवर 104 छापलेला सिरॅमिक कपॅसिटर, म्हणजे ब्रशचा गोंगाट सेन्सरपर्यंत जात नाही.

मल्टिमीटर दोन घ्या, एक नको. एकच असला की तो कायम एका हुशार मुलाच्या हातात राहतो. 25 वॅटची सोल्डरिंग आयर्न, स्टँड, ओला स्पंज, गॉगल. 60/40 सोल्डरमध्ये शिसं असतं. खिडक्या उघड्या हव्यात आणि डबा खाण्याआधी साबणाने हात धुवायचे, हे फळ्यावर कायमचं लिहून ठेवा. सांगाडा प्लायवूडच्या तुकड्याचा करा. 3डी प्रिंटरचा विचारही पहिल्या वर्षी करू नका.

प्रश्न : इथे अमेरिकेत मी आणि आणखी एक मराठी पालक मुलांच्या लेगो लीग संघाचे कोच आहोत. रोबोट पहिल्या फूटभर ठीक जातो, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत तळहातभर बाजूला.
– न्यू जर्सी

उत्तर : कागदावर गणित करायला लावा, मुलांना आवडतं. 56 मिलिमीटरच्या चाकाचा घेर 17.6 सेंटिमीटर. म्हणजे एक मीटरला 5.68 फेऱ्या किंवा 2046 अंश. अंतर बरोबर येत असेल तर दोष दिशेचा. सुरुवातीला रोबोट फक्त 2 अंश तिरका ठेवला तर एक मीटरवर साडेतीन सेंटिमीटर चुकतो, दोन मीटरवर सात. हाच तुमचा तळहात. डोळ्यांनी लावू नका. लेगो बीमचा एक काटकोन करा, जो टेबलाच्या भिंतीला टेकतो आणि रोबोट त्याला टेकतो. जायरो (वळण मोजणारा सेन्सर) शून्य करताना रोबोट पूर्ण स्थिर हवा. मूल बटण दाबून हात काढतं त्याच क्षणी शून्य केलं तर तो हलणारा हातच शून्य धरला जातो. म्हणून आधी अर्धा सेकंद थांबा. लांबच्या मिशनआधी रोबोट भिंतीला पाठ टेकवून सरळ करून घ्या. चाकांना चटईची धूळ लागते, ती प्रत्येक फेरीआधी ओल्या फडक्याने पुसा.

प्रश्न : संघात दोन मुली आहेत. त्या आपणहून पोस्टर आणि सादरीकरण घेतात, वायरिंग मुलगेच करतात. जबरदस्ती करावी का?
– मुख्याध्यापिका, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : ‘आपणहून’ या शब्दावर आमचा फारसा विश्वास नाही. पहिल्या दिवशी ज्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर गेला त्याच्याकडेच तो राहतो. जबरदस्ती वगैरे म्हणू नका, पाळी लावा : बांधणी, वायरिंग, कोड, नोंदवही, दर दोन आठवड्यांनी सगळ्यांची अदलाबदल, मुलग्यांनाही पोस्टरची पाळी. कीबोर्ड दर वीस मिनिटांनी पुढच्याकडे. पहिला महिना वेग कमी होईल. पण स्पर्धेच्या दिवशी वायरिंगवाला तापाने झोपला तरी संघ अडत नाही.

प्रश्न : 3डी प्रिंटरवर केलेला पकडीचा भाग रोबोटसकट गाडीत ठेवला होता. तीन तासांनी पाहिलं तर पकड वाकडी. प्रिंट खराब होतं का?
– नागपूर

उत्तर : प्रिंट ठीक होतं. पीएलए प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि नागपुरात मे महिन्यात बंद गाडीचा डॅशबोर्ड तिथपर्यंत सहज जातो. ग्लू गनचे जोडही त्याच उन्हात सुटतात, तेही तपासा. भाग पीईटीजी प्लास्टिकमध्ये पुन्हा काढा, त्याला जास्त उष्णता सोसते. रोबोट थर्माकोलच्या डब्यात सीटखाली ठेवा, आणि लिथियमचे सेल काढून स्वतःबरोबर सावलीत घेऊन जा.